स्क्रिप्टेड इन्स्टॉलेशन (युनिक्सवर्गीय प्रणाली)

कार्यप्रणाली टाकताना इन्स्टॉलर जे जे विचारतो, त्याची उत्तरे आधीच एका साध्या मजकूर-फाईलमध्ये लिहून ठेवायची आणि माणूस समोर न बसता इन्स्टॉल उरकायचे, अशी ही पद्धत. भाषा कोणती, टाइमझोन कुठला, डिस्कचे भाग कसे पाडायचे, रूटचा (मुख्य व्यवस्थापकाचा) पासवर्ड काय, पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) कोणती, हे सगळे त्या फाईलमध्ये असते. लिनक्सच्या प्रमुख वितरणांत (तयार संचांत) आणि फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या प्रणालींत ही सोय आहे. नावे तेवढी वेगळी. रेड हॅट व फेडोरात किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड, सूसेमध्ये ऑटोयास्ट, उबुंटू सर्व्हरमध्ये २०.०४ या आवृत्तीपासून ऑटोइन्स्टॉल. कल्पना जुनी आहे. सन कंपनीच्या सोलारिसमध्ये १९९० च्या दशकात जंपस्टार्ट होते, आणि जर्मनीतील कोलोन विद्यापीठात थोमास लांगे यांनी १९९९ मध्ये ‘फाय’ हा प्रकल्प सुरू केला.

याची खरी गरज लॅबमध्ये कळते. सांगलीत अभियांत्रिकीचे शिक्षण वालचंद महाविद्यालयापासून, म्हणजे १९४७ पासून चालत आले आहे, आणि आज शहरात व आसपास संगणकाच्या लॅब पुष्कळ आहेत. एका लॅबमध्ये ४० मशीन धरा. पेन ड्राइव्ह लावून एकेका मशीनवर ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेले, तर दहाव्या-बाराव्या मशीनपर्यंत लक्ष उडते. कुठे टाइमझोन चुकतो, कुठे सी भाषेचा कंपायलर (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारे साधन) राहून जातो, आणि ते कळते थेट प्रॅक्टिकलच्या परीक्षेत, एखादी मुलगी हात वर करून ‘सर, माझ्याकडे प्रोग्रॅम चालतच नाही’ म्हणते तेव्हा. वेळ वाचतो हा फायदा सगळेच सांगतात. माझ्या मते त्याहून मोठा फायदा हा की चाळिसावे मशीन पहिल्यासारखेच निघते.

फ्रीबीएसडीची रचना सर्वांत सुटसुटीत वाटते. जानेवारी २०१२ च्या ९.० आवृत्तीपासून तिथे जुन्या सिसइन्स्टॉल या इन्स्टॉलरच्या जागी बीएसडीइन्स्टॉल आला. इन्स्टॉलच्या माध्यमावर ‘ईटीसी’ डिरेक्टरीत ‘इन्स्टॉलरकॉन्फिग’ नावाची फाईल ठेवली की तो काही न विचारता कामाला लागतो. फाईलचे दोन भाग असतात. वरच्या भागात कुठल्या डिस्कवर कोणते भाग पाडायचे आणि प्रणालीचे कोणते संच उतरवायचे, हे लिहायचे. खालचा भाग शेल स्क्रिप्टच्या (टाइप करायच्या आज्ञांच्या फाईलच्या) नेहमीच्या पहिल्या ओळीने सुरू होतो आणि तो नव्या प्रणालीच्या आत चालतो: युजर बनवणे, एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) सुरू करणे, पॅकेजेस टाकणे. ज्याला शेल येते त्याला वेगळी भाषा शिकावी लागत नाही.

डेबियनच्या प्रीसीडमध्ये प्रत्येक ओळीला चार रकाने: मालक (प्रश्न ज्या प्रोग्रॅमचा तो), प्रश्नाचे नाव, उत्तराचा प्रकार आणि उत्तर. त्यातली एक ओळ नीट पाहण्यासारखी आहे. डिस्कचे भाग ठरले की ‘हे बदल डिस्कवर लिहू का?’ असा प्रश्न येतो आणि त्याचे मूळ उत्तर ‘नाही’ असते. ते ‘ट्रू’ (हो) असे आपल्या हाताने लिहावे लागते. डिस्क पुसण्याचा होकार असा लेखी द्यावा लागतो, हे फार चांगले आहे. डिस्कचे नावही जपून लिहावे. ‘एसडीए’ (लिनक्सने डिस्कला दिलेले नाव) म्हणजे कायम पहिली हार्ड डिस्क असे नाही. कधी बूटचा पेन ड्राइव्हच ते नाव घेऊन बसतो, आणि एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्कचे नाव तर निराळेच असते. लिनक्समध्ये डिस्कच्या आयडीवरून बनलेले कायमचे नाव वापरणे केव्हाही बरे.

पेन ड्राइव्हही नको असेल तर नेटवर्क बूट, म्हणजे पीएक्सई. मशीन डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता घेते, टीएफटीपीवरून (फाईल पाठवण्याच्या साध्या पद्धतीवरून) बूटची फाईल उचलते आणि पुढे इन्स्टॉलर उत्तरांची फाईल एचटीटीपीने (वेब पानांच्याच पद्धतीने) आणतो. मे २०१४ च्या ५.५ पासून ही सोय देणारी ओपनबीएसडी आधी त्या मशीनच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या ठरीव क्रमांकाच्या) नावाची फाईल शोधते, ती नसेल तर सर्वांसाठीची. ही फाईल नेटवर्कवर कुणालाही वाचता येते, म्हणून पासवर्ड उघडा न लिहिता हॅश करूनच (उलट न वाचता येणाऱ्या रूपात बदलूनच) लिहावा.

सांगलीच्या विश्रामबागेतील एका लॅबमध्ये मी ४० मशीन संध्याकाळी नेटवर्क बूटवर लावून घरी गेलो. सकाळी पाहतो तो सगळी मशीन पुन्हा डिस्कचे भाग पाडत होती. बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नेटवर्क पहिले आणि डिस्क दुसरी, त्यामुळे इन्स्टॉल संपून रीबूट झाले की परत पहिल्यापासून, असे रात्रभर चालले होते. डिस्क नव्या होत्या म्हणून नुकसान झाले नाही. तेव्हापासून बूटचा क्रम डिस्क आधी असाच ठेवतो आणि नेटवर्क बूट त्या एका वेळेपुरते कळ दाबून निवडतो.

आपल्याकडे आणखी दोन-तीन गोष्टी पाहाव्या लागतात. टाइमझोन एशिया/कोलकाता. मराठी लोकेलही (भाषा, तारीख यांची मांडणी) त्याच फाईलमधून टाकून घेता येते. चाळीस मशीनांनी तीच पॅकेजेस इंटरनेटवरून चाळीसदा ओढू नयेत म्हणून लॅबमधल्याच एका मशीनवर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेजेस साठवून वाटणारा प्रोग्रॅम) बसवून प्रीसीडमध्ये त्याचा पत्ता प्रॉक्सी (मधला दुवा) म्हणून द्यावा. आणि मध्येच लाइट गेली तर अर्धवट डिस्क दुरुस्त करत बसण्यापेक्षा मशीन पुन्हा पहिल्यापासून सोडावे. स्क्रिप्ट असल्यावर त्याला कष्ट पडत नाहीत.

२००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. तळमजल्यावरचे मशीन पाण्यात गेले तर पंचनामा, वाळवणे, बदली हे सगळे आलेच. पण नव्या मशीनवर जुनी मांडणी कशी होती, हे आठवून कुणी सांगू शकत नाही. उत्तरांची फाईल असते काही किलोबाइटची. किकस्टार्टवाल्या प्रणालींत तर हाताने इन्स्टॉल केले तरी इन्स्टॉलर दिलेल्या उत्तरांची फाईल रूटच्या होम डिरेक्टरीत ठेवून जातो. ती उचलून एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक गावाबाहेरच्या सर्व्हरवर ठेवावी. विद्यार्थ्यांच्या कामाचा बॅकअप याहून वेगळा, आणि तो वेगळाच घ्यावा लागतो.