रंग सुटतो, दोष मेणाचा

जुन्या फायबरच्या बोटीत आत शिरलं, की पुष्कळदा भिंतीवरचा रंग नखानंसुद्धा निघतो. ‘रंगच हलका होता’ असा निकाल लगेच लागतो आणि पुढच्या वेळी महागडा डबा येतो. काही महिन्यांत त्याचेही पोपडे निघतात. डबा बहुधा निर्दोष असतो. खरा गुन्हेगार बोट घडली त्याच दिवशी तिच्या आतल्या अंगाला लागलेला असू शकतो. तो म्हणजे मेण.

हे मेण तिथे मुद्दाम घातलेलं असतं, आणि त्याचं कारण मला भारी आवडतं. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांत मुरवलेलं पॉलिएस्टर रेझिन. हे रेझिन रंगासारखं नुसतं सुकत नाही. त्यात स्टायरीन नावाचा द्रव असतो. हार्डनर घातला की फ्री रॅडिकल तयार होतात, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेले रेणूंचे तुकडे. ते स्टायरीनचा दुहेरी बंध उघडतात, तो रेणू पुढच्याला पकडतो, साखळी वाढते, पॉलिएस्टरच्या लांब रेणूंमध्ये पूल बांधले जातात आणि द्रवाचा कडक घन होतो.

या सगळ्यात ऑक्सिजन खोडा घालतो. त्याच्या रेणूत दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे साखळीच्या टोकाला तो चटकन चिकटतो. त्यातून बनणारं पेरॉक्सी रॅडिकल इतकं सुस्त, की साखळी तिथेच खुंटते. परिणामी हवेला लागलेला थर चिकट राहतो. बोटीची बाहेरची बाजू साच्याला टेकलेली असते, तिला हवा लागत नाही. आतली बाजू मात्र उघडी. म्हणून शेवटच्या थरात थोडं पॅराफिन, म्हणजे हेच मेण, मिसळतात. रेझिन घट्ट होताना ते पृष्ठभागावर येऊन झाकणासारखं पसरतं, हवा अडते आणि थर कोरडा होतो.

तेच झाकण पुढे रंगाच्या मुळावर येतं. थेंब पसरेल की गोळा होऊन बसेल, हे द्रवाचा पृष्ठताण आणि घनाची पृष्ठऊर्जा यांच्या ओढाताणीवर ठरतं. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगनं 1805 मध्ये हा हिशेब स्पर्शकोनात, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते त्या कोनात, मांडला. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलीन्यूटन, मेणाची पृष्ठऊर्जा त्याच मापात 25 च्या आसपास. म्हणून मेणावर पाणी मोत्यासारखं राहतं. रंगाचा पृष्ठताण बराच कमी, त्यामुळे तो कसाबसा पसरतो आणि आपली फसगत होते. त्यानं धरलेलं असतं मेणाला, रेझिनला नव्हे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. जुनं अस्तर, त्यामागचा गोंद आणि फोमचा चुरा खरवडायचा, बुरशी धुवायची, आणि घासण्याआधी सॉल्व्हंटनं, म्हणजे मेण सोडवणाऱ्या ॲसिटोनसारख्या द्रवानं, पुसायचं. आधी सँडपेपर मारला तर घर्षणानं मेण मऊ होऊन ओरखड्यांतच भरतं. एका चिंधीनं सॉल्व्हंट लावायचा आणि तो उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या चिंधीनं टिपायचा. एकच चिंधी फिरवली तर मेण फक्त जागा बदलतं. त्यानंतर 80 नंबरनं घासून 120 वर यायचं. चकाकी गेली की नव्या थराला धरायला जागा मिळते. ‘नॅनो’ लिहिलेला प्रायमर ‘कशालाही चिकटतो’ असं डबा सांगतो, पण मेणाचा थर स्वतःच सुटणारा असेल तर वरच्या प्रायमरनं करावं तरी काय?

काचमिश्रित धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसांनाही चांगली नाही, तेव्हा चांगला मास्क हवाच. मात्र धुळीचा मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. ॲसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड असते. ती बोटीच्या तळाच्या खळग्यात साचते आणि तिथे एक ठिणगी पुरते. पंख्याची हवा त्या खळग्यापर्यंत पोचली पाहिजे, आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय सँडरची, म्हणजे घासायच्या यंत्राची, मोटर सुरू करायची नाही. बुरशीसाठी ब्लीच वापरलंत तर त्यात अमोनिया किंवा आम्ल मिसळू नका. विषारी वायू निघतात.

धूळ पुसून झाली की भिंतीवर स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर भिंत कोरडी होऊ द्या आणि डबा उघडा. जिथे ते फाटून थेंब झाले, तिथे पुन्हा दोन चिंध्या घेऊन बसा.