बिघडलेला पीसी आणि मागे पडलेला पीसी: रिपेअर कधी, अपग्रेड कधी

गेम अडखळायला लागला, एफपीएस (दर सेकंदाला स्क्रीनवर येणाऱ्या फ्रेम्स) पडले की बहुतेकांच्या डोक्यात पहिलं येतं ते नवीन ग्राफिक्स कार्ड. पण एफपीएस पडायला दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात आणि स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. एक म्हणजे पीसीत काहीतरी बिघडलंय, म्हणजे त्याच्या अंगात जेवढा दम आहे तेवढाही तो देत नाहीये. दुसरं म्हणजे पीसी ठणठणीत आहे, फक्त गेम्स त्याच्या पुढे निघून गेलेत. पहिल्याला रिपेअर पाहिजे, दुसऱ्याला अपग्रेड, आणि यात गल्लत झाली की पैसे जातात आणि त्रास जिथल्या तिथे राहतो, कारण तापणाऱ्या सीपीयूसमोर (पीसीचा मुख्य प्रोसेसर) कितीही भारी कार्ड लावलं तरी ते सीपीयूची वाट बघत बसणार.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे जुना गेम. जो गेम आधी ज्या सेटिंगला मस्त चालायचा तोच, त्याच सेटिंगला, त्याच रिझोल्यूशनला आज लावून बघा. तोही आता रडतोय तर पीसी बिघडलाय, कारण गेम तोच आहे. तो पहिल्यासारखाच पळतोय आणि फक्त नवीन गेम्सच जड जातायत तर पीसी मागे पडलाय. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, ऑनलाइन गेम्स अपडेट होऊन होऊन स्वतःच जड होत जातात, त्यामुळे टेस्टसाठी असा ऑफलाइन गेम घ्या ज्याला बरेच दिवस अपडेट आलेलं नाही, किंवा जुना बेंचमार्क (पीसीचा वेग मोजणारी टेस्ट) स्कोर कुठे लिहून ठेवला असेल तर तोच बेंचमार्क परत चालवा.

दुसरी खूण वेळेची, आणि माझ्या मते हीच जास्त भरवशाची. मागे पडलेला पीसी पहिल्या मिनिटाला जेवढा हळू असतो तेवढाच तासाभरानंतरही असतो. बिघडलेला पीसी बदलत राहतो, आधी बरा चालतो मग ढेपाळतो, आज चालतो उद्या नाही, दुपारी त्रास देतो आणि रात्री गार हवेत नीट वागतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर टाका (फुकट आहे, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं) आणि गेमच्या कोपऱ्यात एवढे आकडे लावा: जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) युसेज, जीपीयू टेम्परेचर, कोअर क्लॉक (चिप पळण्याचा वेग), व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), सीपीयूचं टेम्परेचर आणि क्लॉक, प्रत्येक कोअरचा युसेज, आणि रॅम. मग अर्धा तास खेळा. समजा जीपीयू युसेज सतत ९७ ते ९९ टक्के आहे, टेम्परेचर ७० च्या आसपास आहे, क्लॉक जागचा हलत नाहीये आणि तरी एफपीएस ३८ च आहेत, तर त्या कार्डाने जीव तोडून काम केलंय, त्यात रिपेअर करण्यासारखं काही नाही, ते मागे पडलंय. आता दुसरं चित्र बघा. सुरुवातीला ६० एफपीएस, दहा मिनिटांत सीपीयूचं टेम्परेचर चढत चढत ९५ ते १०० डिग्रीला टेकतं, चार गिगाहर्ट्झवर पळणारा क्लॉक तीन, अडीच असा खाली यायला लागतो आणि त्याच क्षणी गेम गचके खायला लागतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, सीपीयू जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. इथे धूळ काढणं, थर्मल पेस्ट (सीपीयू आणि कूलरच्या मधलं उष्णता वाहून नेणारं मलम) बदलणं, पंखा नीट फिरतोय का बघणं एवढ्यावर काम होतं. लिक्विड कूलर असेल आणि पीसी चालू केल्या केल्या टेम्परेचर सरळ ९० च्या पुढे जात असेल तर पंप गेला असण्याची शक्यता मोठी, अशा वेळी बऱ्याचदा एक नळी गरम आणि दुसरी गार लागते. आणि हो, नुसतं डेस्कटॉपवर असताना ग्राफिक्स कार्डाचे पंखे थांबलेले दिसले तर घाबरू नका, बऱ्याच कार्डांचे पंखे कमी तापमानाला मुद्दाम बंदच राहतात.

तिसरंही एक चित्र असतं, जीपीयू ५०-६० टक्क्यांवर निवांत बसलाय आणि एखाद-दोन कोअर १०० ला ठोकलेत. तेव्हा रिझोल्यूशन खाली आणून बघा, १०८० वरून ७२० करूनही एफपीएस तेवढेच राहिले तर अडकलंय सीपीयूपाशी, कार्डाचा दोष नाही. पण सीपीयूपाशी अडकलंय म्हणजे लगेच सीपीयू जुना झाला असंही नाही, कारण इथे अशा काही गोष्टी लपलेल्या असतात की ज्या धड बिघाडही नाहीत आणि म्हातारपणही नाही.

त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मदरबोर्डवरची बटण सेल, सीआर२०३२. ही काही वर्षांनी संपते. संपली की पॉवर पूर्ण काढल्यावर बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डाचं सॉफ्टवेअर) सेटिंग्ज पुसल्या जातात, घड्याळ मागे जातं, आणि त्याच्यासोबत रॅमचा एक्सएमपी प्रोफाइलही (रॅमला पाकिटावरच्या स्पीडला चालवणारी सेटिंग) बंद होतो. मग ३२०० वर चालणारी डीडीआर४ रॅम गुपचूप २१३३ किंवा २४०० वर चालायला लागते, पीसी तक्रार काहीच करत नाही, फक्त गेममध्ये गचके वाढतात आणि आपल्याला वाटतं सीपीयू म्हातारा झाला! टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबला जाऊन मेमरीचा स्पीड बघा, पाकिटावर लिहिलेल्यापेक्षा कमी असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी परत चालू करा, आणि घड्याळही चुकत असेल तर सेल बदला. तसंच एकच रॅम स्टिक लावलेली असणं, किंवा दोन असून चुकीच्या स्लॉटमध्ये असणं. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर सीपीयूकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, नाहीतर ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) मिळत नाही. या सगळ्याला खर्च जवळजवळ शून्य, आणि सीपीयूपाशी अडकणाऱ्या गेम्समध्ये फरक चांगला जाणवतो.

आता बंद पडण्याबद्दल. मागे पडलेला पीसी हळू होतो, पण तो खेळता खेळता अचानक रिस्टार्ट होत नाही, स्क्रीनवर रंगीत चौकोन दाखवत नाही, रोज निळा स्क्रीन देत नाही. असं काही होत असेल तर अपग्रेडचा विषय आधी बाजूला ठेवा. लोडवर असताना एकदम काळोख होऊन रिस्टार्ट होत असेल तर संशय पीएसयूवर (पॉवर सप्लाय) किंवा तापण्यावर. इथे बरेच जण इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडतात, कर्नल-पॉवर ४१ दिसतं आणि लगेच पीएसयू मागवतात, पण ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट शटडाऊन न होता पीसी बंद झाला, का झाला ते त्यात नसतं. निळा स्क्रीन दर वेळी वेगळ्याच एररचा येत असेल तर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा, एरर आलेच तर एक एक स्टिक लावून बघा नेमकी कुठली खराब आहे. याला अपवाद एकच, व्हीरॅम किंवा रॅम कमी पडल्यामुळे एखादा नवीन गेम धाडकन डेस्कटॉपवर येऊन पडतो, तेव्हा पीसी चालूच असतो, फक्त गेम जातो. त्या वेळी कोपऱ्यातला व्हीरॅमचा आकडा काठोकाठ भरलेला दिसेल.

स्टोरेजला मी फार वेळ देणार नाही. हार्ड डिस्क १०० ते २०० एमबी प्रति सेकंद देते, साधा साटा एसएसडी ५५० च्या आसपास, म्हणजे डिस्क मरायला टेकलेली असो की नुसती हळू, दोन्हीचं उत्तर एसएसडीच आहे. फक्त क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) हेल्थ पिवळी किंवा लाल दिसली तर आधी डेटा काढून घ्या, बाकी सगळं नंतर.

मग खरंच मागे पडणं कसं असतं? एक म्हणजे व्हीरॅम, ४ जीबीच्या कार्डावर आजचे मोठे गेम्स टेक्स्चर कमी केल्याशिवाय बसत नाहीत, न बसलेला भाग साध्या रॅममध्ये जातो आणि गचके येतात, पेस्ट बदलून यात काही होणार नाही. दुसरं म्हणजे जे कार्डात मुळातच नाही ते. जीटीएक्स १०६० हे २०१६ चं कार्ड, त्या काळासाठी जबरदस्त, पण त्यात रे ट्रेसिंगचं (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या काढण्याचं) हार्डवेअर नाही, आणि २०२५ चा डूम द डार्क एजेस ते हार्डवेअर मागतोच. तिसरं म्हणजे विंडोज १०, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेल आठव्या जनरेशनपासून आणि रायझन २००० मालिकेपासून पुढे चालतं. इथेही फसू नका, "तुमचा पीसी चालणार नाही" असा मेसेज कधी कधी फक्त बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेची चिप) बंद असल्यामुळे येतो. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने तो पर्याय असतो, आधी तो चालू करून बघा, मगच सीपीयू जुना म्हणा.

अपग्रेड करायचं ठरलं तर आपला बोर्ड कुठपर्यंत जाऊ शकतो ते आधी बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांचं नशीब चांगलं, २०१७ च्या पहिल्या रायझनसोबत घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी बसतो, फक्त बायोस अपडेट जुना सीपीयू लावलेला असतानाच करून घ्या. इंटेलचा एलजीए११५१ मात्र फसवा आहे, सॉकेटचं नाव एकच पण सहाव्या-सातव्या जनरेशनच्या बोर्डावर आठव्या-नवव्याचा सीपीयू अधिकृतपणे चालत नाही. कार्ड घेतानाही तसंच, आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार पीसीआयई लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातले डेटाचे रस्ते) वापरतं, त्यामुळे पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डावर ते आणखी मार खातं, म्हणजे ज्यांना स्वस्त अपग्रेड हवंय नेमकं त्यांनाच ते कमी परफॉर्मन्स देतं.

दोन्ही रस्ते जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे मेलेला मदरबोर्ड. डीडीआर३ च्या काळातला बोर्ड गेला तर तसाच नवीन मिळणं कठीण, वापरलेला मिळतो पण तोही तेवढाच जुना, आणि त्यात घातलेला पैसा तिथेच अडकतो. तिथे मी रिपेअर करणार नाही, बोर्ड-सीपीयू-रॅम तिन्ही एकत्र बदलेन. याउलट पीएसयू, एसएसडी, केस, पंखे, चांगला कूलर यावरचा खर्च मला कधीच वाया गेल्यासारखा वाटत नाही, कारण हे पार्ट बहुतेक वेळा पुढच्या पीसीतही जातात.

त्यामुळे माझा क्रम ठरलेला: साफसफाई, पेस्ट, एक्सएमपी, ड्रायव्हर हे सगळं आधी, मग परत तेच आकडे बघायचे, आणि सगळं नीट असूनही जीपीयू ९९ ला आणि एफपीएस कमीच असतील तर खुशाल नवीन कार्ड घ्या. घेताना जुन्या पीएसयूकडे बघा, नवीन कार्डं क्षणभरासाठी त्यांच्या लिहिलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त पॉवर ओढतात आणि थकलेला पीएसयू नेमका तेव्हाच हात वर करतो, मग लोक नव्या कार्डाला दोष देतात. आणि पीएसयू बदललाच, तो मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) असेल, तर केसमध्ये आधीच ओढलेल्या जुन्या केबल तशाच नव्या पीएसयूला जोडू नका. कनेक्टर बसतो, पण पीएसयूकडच्या टोकाच्या पिन्सची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही वेगळी असते, आणि पीसी चालू करताच ड्राइव्ह किंवा बोर्ड जळू शकतो. सगळ्या जुन्या केबल काढा आणि नव्या पीएसयूच्या डब्यातल्याच लावा.