& हे मुळात जोडाक्षर आहे

हाताने & काढायला सांगितलं की बरेच जण अडखळतात. छापलेला आपण रोज बघतो, पण पेन वरून सुरू करायचं की खालून, गाठ कुठे मारायची हे काही केल्या आठवत नाही, मग कोणी उलटा 3 काढून त्याला वर आणि खाली एकेक छोटी उभी रेघ देतं, कोणी अधिकचं चिन्ह काढून त्यालाच एक वेटोळं जोडतं. मी शाळेपासून उलटा 3 वालाच काढतो आणि बरीच वर्षं मला वाटायचं की खरा & जमत नाही म्हणून ही आपली तडजोड. तसं अजिबात नाहीये.

क्ष मध्ये क आणि ष शोधून बघा, दिसत नाहीत ना? & चंही तेच झालंय. लॅटिनमध्ये 'आणि'ला 'एट' म्हणतात, अक्षरं दोनच, ई आणि टी, आणि भराभर लिहिताना रोमन लोक ती एकमेकांत गुंतवून टाकायचे. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवर लोकांनी जे काही खरडलंय त्यात हा जोड सापडतो, म्हणजे वय जवळपास दोन हजार वर्षं!

त्याच काळात अजून एक खूण होती, रोमन वक्ता सिसेरोचा सेक्रेटरी तिरो याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शॉर्टहँडमधली, दिसायला इंग्रजी सातासारखी. ती बहुतेक ठिकाणाहून गेली, पण आयर्लंडमध्ये आयरिश भाषेतल्या पाट्यांवर अजून दिसते.

& मात्र टिकला. 9व्या शतकाच्या आसपास युरोपात पोथ्या उतरवून काढणारे लोक तर 'आणि'चा काही संबंध नसतानाही, नुसतं एखाद्या शब्दाच्या पोटात ई-टी शेजारी आले की तिथे सरळ & लिहायचे. हे चिन्ह नसून जोडाक्षर होतं याचा मला हा सगळ्यात भारी पुरावा वाटतो.

अँपरसँड हे नाव बरंच नंतरचं. इंग्रजी शाळांत मुलं एबीसीडी म्हणताना झेडनंतर & पण म्हणायची, 'अँड, पर से अँड', म्हणजे 'आणि, जो स्वतःच एक अख्खा शब्द आहे तो आणि'. घोकून घोकून त्याचं झालं अँपरसँड. हे नाव शास्त्रज्ञ अँपियरवरून पडलं असंही सांगतात, पण ती नुसती दंतकथा आहे.

आता परत उलटा 3 बघा. तो म्हणजे गोलाईत काढलेला ई, आणि वर-खाली डोकावणारी रेघ म्हणजे टी चा दांडा! छापलेल्या & पेक्षा यात दोन्ही अक्षरं जास्त स्पष्ट ओळखू येतात. छपाईच्या सरळ टाइपात गाठ घट्ट आवळली गेली, इटॅलिकमध्ये मात्र कित्येकदा ती सैलच राहिली. यान चिखोल्ड नावाच्या टायपोग्राफरने 1953 मध्ये & ची वेगवेगळ्या काळातली ढीगभर रूपं गोळा करून छापली होती. तेवढं नको असेल तर कॉम्प्युटरवर ट्रेब्युशे फॉन्ट लावा, & टाइप करा आणि साइज चांगली मोठी करा, डावीकडे ई आणि त्याला चिकटलेला टी लगेच दिसेल.