लाकडी कडी-तुळयांचा गाळा

मधे टेकू न देता लाकडी कडी किंवा तुळई दोन आधारांवर जेवढ्या अंतरापर्यंत टाकता येते, ते अंतर म्हणजे तिचा गाळा. हिशेबात तो एका टेकणाच्या मध्यापासून दुसऱ्या टेकणाच्या मध्यापर्यंत धरतात. कडीपाटाच्या जुन्या घरांत कड्या तुळयांवर टेकत, त्यामुळे दोन तुळयांमधला खण म्हणजेच कडीचा गाळा.

चांगली कडी मोडण्याच्या फार आधी झोळते, म्हणजे मधे खाली वाकते, आणि बहुधा झोळच गाळ्याची हद्द ठरवतो. झोळ वाढला की तक्तपोशीचे, म्हणजे कड्यांवरच्या फळ्यांचे, सांधे उघडतात, खालचा गिलावा सुटतो, चालताना जमीन हलते. म्हणून भारतीय मानक आयएस ८८३ नुसार कौले किंवा जिप्समसारखे ठिसूळ साहित्य पेलणाऱ्या कडीचा झोळ गाळ्याच्या १/३६० पेक्षा जास्त चालत नाही. इतरत्र १/२४० ही मर्यादा असते. ३.६ मीटर गाळ्याला पहिल्या नियमाने फक्त १० मिमी झोळ मिळतो.

वाळलेल्या, गाठी नसलेल्या सागाची ५० × १५० मिमी कडी उभी धरून ४५० मिमी अंतराने टाकली आणि फळ्यांसकट एकूण भार चौरस मीटरला २५० किलो धरला, तर १/३६० च्या हिशेबाने गाळा सुमारे २.९ मीटर येतो. त्या गाळ्याला लाकडावरचा ताण साधारण ६.२ न्यूटन प्रति चौ. मिमी, म्हणजे साग सहज पेलतो तेवढाच असतो. आता कडीची जाडी ७५ मिमी केली तर लाकूड दीडपट लागते, पण गाळा जेमतेम ३.३५ मीटरपर्यंत जातो. त्याऐवजी उंची २०० मिमी केली तर लाकूड फक्त एक-तृतीयांश वाढते आणि गाळा ३.९ मीटर होतो. लाकडाचा पैसा उंचीतच घालावा. मात्र उंची जाडीच्या तिपटीहून जास्त झाली की कडी कलंडू शकते. अशा कड्यांमध्ये आडवे ठोकळे घट्ट बसवावेच लागतात.

भार वाढला की गाळा आखडतो. धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दीडशे मिमी माती घातली, तर तिचेच वजन चौरस मीटरला सुमारे २४० किलो भरते. एकूण भार दुप्पट झाला की वरच्या २.९ मीटरचे २.३ मीटर उरतात. शिवाय माती कायम बसून असते. कायमच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू लवत राहते, आणि कच्चे, ओले लाकूड वापरले असेल तर फारच. धाब्याच्या घरांतल्या खोल्या अरुंद असण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या घरांसाठी गाळ्यांच्या आकड्यांचे तयार तक्ते असतात. तिथली ‘दोन बाय दहा’ कडी रंधल्यावर प्रत्यक्षात दीड बाय सव्वानऊ इंच भरते. स्प्रूस-पाइन-फर गटातली दुसऱ्या प्रतीची अशी कडी १६ इंचांवर टाकली, तर चौरस फुटाला ४० पौंड वापरभार (माणसे, सामान) आणि १० पौंड स्वभार (बांधकामाचे स्वतःचे वजन) धरून १५ फूट ५ इंच गाळा देतात. जातीचे नाव किंवा प्रत बदलली की आकडा बदलतो, त्यामुळे लाकडावरचा शिक्का वाचल्याशिवाय तक्ता उपयोगाचा नाही.

तक्ता अखंड कडीसाठी असतो. नळ किंवा वायर नेण्यासाठी मधल्या तिसऱ्या भागात खालच्या कडेला घेतलेली खाच सर्वांत घातक, कारण ताण तिथेच सर्वाधिक असतो आणि चीर खाचेच्या कोपऱ्यातून लाकडाच्या रेषांबरोबर धावते. अमेरिकी नियमात या भागात खाचेला परवानगीच नाही. भोक पाडायचे तर उंचीच्या एक-तृतीयांशापर्यंत, आणि दोन्ही कडांपासून निदान दोन इंच आत. मोठी गाठ असलेली कड वर ठेवावी. टेकण निदान ७५ मिमी हवे आणि भिंतीत शिरलेल्या टोकाभोवती हवा खेळली पाहिजे. चुन्यात किंवा सिमेंटात गच्च बुजवलेले टोक ओल धरते व आतून कुजते. बाहेरून कडी धड दिसते, पण टोकाशी टोचा सहज आत जातो.

झोळलेल्या कड्यांखाली बरोबर मध्यावर आडवी तुळई दिली तर गाळा निम्मा होतो आणि त्याच भाराखालचा झोळ सोळाव्या हिश्शाहूनही कमी राहतो. तिचे खांब फरशीवर टेकवू नयेत, खाली पाया घ्यावा. जुना झोळ जॅकने एका दमात उचलला की गिलावा फुटतो, कधी कडीही चिरते. दिवसाला एक-दोन मिमीच उचलावे.