फायर अलार्मचं पॅनेल डिटेक्टरशी सतत काय बोलत असतं

मोठ्या इमारतीत छताला जे गोल पांढरे डिटेक्टर लावलेले असतात, त्यातला एखादा वर्षभर गप्प असेल तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे तिथे धूर झालाच नाही, आणि दुसरा म्हणजे धूर झाला तरी तो सांगूच शकणार नाही कारण मागची वायर कधीच तुटलीय. खालून बघणाऱ्याला दोन्ही अगदी सारखंच दिसतं. सिस्टीम बनवणाऱ्यांची खरी डोकेफोड इथेच होते, हूटर वाजवणं हा त्यातला सोपा भाग, तो तर साध्या बटणावरही वाजतो. गप्प बसलेला डिटेक्टर खरंच जागा आहे का, हे पॅनेलला, म्हणजे सगळ्या डिटेक्टरांच्या वायरी जिथे येतात त्या मुख्य पेटीला, सारखं कळत राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी जी युक्ती केलेली असते ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आधी जुनी पद्धत बघू, तिला कन्व्हेन्शनल सिस्टीम म्हणतात आणि लहान इमारतींत ती अजूनही सर्रास असते. पॅनेलमधून दोन वायरी निघतात, त्यांच्यावर साधारण २४ व्होल्ट डीसी असतं, आणि त्या भागातले सगळे डिटेक्टर याच दोन वायरींवर एकामागून एक जोडलेले असतात. याला झोन म्हणायचं. डिटेक्टरला वीजही याच वायरींतून मिळते आणि त्याचा निरोपही याच वायरींतून परत येतो, वेगळी डेटा केबल वगैरे काही नसतं. आणि सगळ्यात शेवटच्या बेसमध्ये (डिटेक्टर ज्यावर बसतो ती बैठक) एक छोटासा रेझिस्टर, म्हणजे करंटला ठरावीक अडथळा करणारा तुकडा, लावलेला असतो, एंड ऑफ लाइन रेझिस्टर. दिसायला क्षुल्लक, पण सगळं त्याच्यावर चालतं.

आकडे घालून बघा म्हणजे लगेच कळेल. समजा हा रेझिस्टर ४.७ किलोओहमचा आहे (पॅनेलप्रमाणे आकडा बदलतो). २४ व्होल्टला ४७०० ने भागलं की साधारण ५ मिलिअँपिअर येतात. म्हणजे काहीच घडत नसताना सुद्धा या लाइनमधून सतत ५ मिलिअँपिअर करंट वाहत असतो, डिटेक्टर स्वतः खातात ते मायक्रोअँपिअरमध्ये, त्यामुळे ते फारसं मोजण्यात येत नाही. पॅनेल फक्त हा करंट बघत बसतं. करंट ठरल्याइतका आहे, म्हणजे वायर शेवटपर्यंत शाबूत. करंट गेला, म्हणजे कुठेतरी लाइन कट झाली, पिवळा फॉल्टचा दिवा लागतो आणि बझर वाजतो. धूर आला की डिटेक्टर आतल्या आत दोन वायरींच्या मध्ये काहीशे ओहमचा रस्ता उघडून देतो, करंट एकदम काही पटींनी वाढतो आणि पॅनेल म्हणतं फायर. आणि दोन वायरी एकमेकींना चिकटून सरळ शॉर्ट झाल्या तर करंट पॅनेलच्या मर्यादेला जाऊन टेकतो आणि व्होल्टेज जवळजवळ शून्यावर येतं, तो पुन्हा फॉल्ट. एका करंटच्या मापावरून चार वेगवेगळ्या गोष्टी कळल्या.

भिंतीवरची जी लाल पेटी असते, मॅन्युअल कॉल पॉइंट, तिच्यातही म्हणूनच नुसतं स्विच नसतं, स्विचच्या सोबत ४७० किंवा ६८० ओहमचा रेझिस्टर असतो. तो नसता तर कोणी पेटी दाबली आणि वायर शॉर्ट झाली यात पॅनेलला काहीच फरक दिसला नसता.

इथे एक कळकळीची गोष्ट सांगतो. हा रेझिस्टर लाइनच्या शेवटीच हवा. काही ठिकाणी घाईत तो पॅनेलच्या टर्मिनललाच लावून टाकलेला असतो, मग पॅनेलला कायम ५ मिलिअँपिअर दिसतात, हिरवा दिवा लागलेला, आणि पुढची अख्खी लाइन तुटली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. तसंच मधूनच एक फांदी काढून दोन डिटेक्टर जास्तीचे जोडले की त्या फांदीतून शेवटच्या रेझिस्टरचा करंट जातच नाही, म्हणजे ती फांदी तुटली तरी सगळं ठीकच दिसणार. दोन्ही गोष्टी दिसायला किरकोळ आहेत पण त्यांनी सिस्टीमचं डोळे उघडे ठेवण्याचं कामच बंद पडतं.

कन्व्हेन्शनलची मोठी अडचण ही की पॅनेलला फक्त झोन कळतो. तिसरा मजला, डावी बाजू, बस. त्यातल्या वीस खोल्यांपैकी धूर कुठे आहे ते माणसानं धावत जाऊन शोधायचं. याला उत्तर म्हणजे अॅड्रेसेबल सिस्टीम, जिच्यात प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो. आणि ही कल्पना कॉम्प्युटरच्या जमान्यातली आहे असं वाटत असेल तर नाही, ती १८५२ सालची आहे. त्या वर्षी बॉस्टन शहरात विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी आखलेली आगीची तार यंत्रणा सुरू झाली. रस्त्यावर पेट्या बसवलेल्या, पेटीच्या आत दाते पाडलेलं चाक, आणि हँडल फिरवलं की ते दाते सर्किट जोडत-तोडत जायचे आणि मुख्य केंद्रात त्या पेटीचा नंबर टकटक करत पोचायचा. हातानं फिरवण्यात गोम अशी की घाबरलेला माणूस हँडल गरागरा फिरवतो आणि मग नंबर वाचताच येत नाही, म्हणून पुढे पेट्यांमध्ये स्प्रिंगवर चालणारं यंत्र आलं, माणसानं फक्त खटका ओढायचा, चाक आपल्या वेगानं फिरणार.

आजच्या सिस्टीममध्ये वायरी तशाच दोन, पण त्या पॅनेलमधून निघून सगळ्या इमारतीतून फिरून पुन्हा पॅनेललाच येतात, म्हणून त्याला लूप म्हणतात. अनेक सिस्टीममध्ये एका लूपवर १२६ किंवा १२७ डिव्हाइस बसतात, कारण नंबर सात बिटांचा, म्हणजे सात चालू-बंद खुणांचा असतो आणि त्यात १२७ पर्यंतच आकडे बसतात. काही बेस किंवा मॉड्यूलवर सात बारीक स्विच असतात, त्यांच्या किमती १, २, ४, ८, १६, ३२, ६४. टेक्निशियनला ३७ नंबर द्यायचा असेल तर १, ४ आणि ३२ वाले स्विच लावायचे, झालं.

आता बोलणं कसं चालतं ते बघा, कारण वीज आणि बोलणं दोन्ही त्याच दोन वायरींवर आहे. पॅनेल बोलतं ते व्होल्टेज हलवून. लाइनवरच्या व्होल्टेजवर काही व्होल्टचे छोटे छोटे पल्स चढवले जातात आणि त्या पल्सच्या लांबीत नंबर लिहिलेला असतो. हे सगळ्या डिटेक्टरांना एकदमच ऐकू जातं, पण ज्याचा नंबर आहे तोच उत्तर देतो. आणि उत्तर द्यायला डिटेक्टर व्होल्टेजला हात लावत नाही, तो करंट ओढतो, साधारण २० मिलिअँपिअरचे झटपट पल्स, आणि पॅनेल ते मोजतं. एक बाजू व्होल्टेजमध्ये बोलते, दुसरी करंटमध्ये, त्यामुळे दोघांचं बोलणं एकमेकांत मिसळत नाही. मला यातली काटकसर फार आवडते, दोन वायरींत किती काय बसवलंय.

शाळेत हजेरी घेतात तसं पॅनेल एक ते शेवटपर्यंत नंबर पुकारत जातं आणि काही सेकंदात पूर्ण लूप फिरून पुन्हा पहिल्यापासून सुरू, रात्रंदिवस. बऱ्याच डिटेक्टरांवरचा बारीक दिवा मधूनमधून लुकलुकतो तो नंबर पुकारला गेल्याचाच. नंबर पुकारूनही उत्तर नाही आलं तर पॅनेल पुन्हा काही वेळा विचारतं आणि मग स्क्रीनवर लिहून येतं की अमुक नंबर सापडत नाही. चुकून दोघांना एकच नंबर दिला असेल तर दोघंही एकदम उत्तर देतात, पल्स एकमेकांवर चढतात, आणि पॅनेल त्याचाही वेगळा फॉल्ट दाखवतं.

उत्तरात नुसतं हो-नाही नसतं, हा मुद्दा महत्त्वाचा. ऑप्टिकल डिटेक्टरच्या आत एक काळी डबी असते, तिच्यात एक इन्फ्रारेड एलईडी आणि एक प्रकाश पकडणारा सेन्सर, पण असे तिरके बसवलेले की एलईडीचा उजेड थेट सेन्सरवर पडत नाही. धुराचे कण आत शिरले की उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि थोडा सेन्सरपर्यंत पोचतो. किती पोचला तो आकडा डिटेक्टर पॅनेलला पाठवतो. बरीच वापरली जाणारी एक पद्धत अशी आहे की स्वच्छ हवेत आकडा २५ च्या आसपास, ४५ ला पॅनेल आधीची सूचना देतं, आणि ५५ ला फायर. म्हणजे अशा सिस्टीममध्ये डिटेक्टर फक्त मोजतो, आग आहे की नाही हे पॅनेल ठरवतं. (काही नवीन डिटेक्टर स्वतःच ठरवतात, तो भाग वेगळा.) याचा फायदा असा की एकदाच आकडा उडाला तर पॅनेल लगेच बोंबाबोंब करत नाही, पुढच्या दोन-चार फेऱ्यांत काय येतंय ते बघतं. आणि महिनोन्महिने धूळ साचत जाऊन २५ चे हळूहळू २८, ३० होत गेले तर ते धूर नाही हे त्याच्या संथपणावरूनच ओळखू येतं, मग ती वाढ हिशोबात धरून पॅनेल पुढे जातं आणि एका मर्यादेला सांगतं की हा डिटेक्टर साफ करा.

कॉल पॉइंटला मात्र असं थांबवायचं नसतं. तिथे माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी आग बघून काच दाबलीय, त्यात पुन्हा खात्री कसली करायची. काचेची रचना बघण्यासारखी आहे: आख्खी काच आतलं छोटं स्विच दाबून धरून असते, आणि काच तुटली की स्विच सुटतं. स्विच सुटणं म्हणजेच अलार्म. म्हणजे काच आपोआप गळून पडली तरी अलार्मच येणार, चूक झालीच तर ती गप्प राहण्याची होणार नाही. आणि हा निरोप हजेरीत आपला नंबर यायची वाट बघत नाही, दुसऱ्या कुणाचं उत्तर चालू असतानाच ठरलेल्या जागी एक पल्स घुसवायची सोय असते, पॅनेल फेरी तिथेच सोडतं आणि आधी कोणी हाक मारली ते शोधतं. चांगल्या सिस्टीममध्ये हे सगळं सेकंदाच्या आत होतं. युरोपच्या ईएन ५४ मानकात कॉल पॉइंटचा अलार्म पॅनेलवर यायला जास्तीत जास्त १० सेकंद आणि फॉल्ट दिसायला १०० सेकंद दिलेत.

लूप एका जागी तुटला तर पॅनेल दोन्ही टोकांनी वीज आणि हाक पाठवतं, कुणीच हरवत नाही, फक्त फॉल्ट दिसतो. शॉर्ट झाला तर जास्त वाईट, कारण शॉर्ट अख्ख्या लूपचं व्होल्टेज खाऊन टाकू शकतो, म्हणून मधे मधे आयसोलेटर बसवलेले असतात, ते दोन्हीकडून वायर तोडून शॉर्टवाला तेवढाच तुकडा बाजूला काढतात. हूटरच्या लाइनवरही लक्ष असतंच. तिथे एरवी उलट्या ध्रुवाचा थोडासा करंट सोडून वायर तपासत राहायची, हूटरमधल्या डायोडमुळे (तो करंटला एकाच दिशेनं जाऊ देतो) हूटर वाजत नाही, आणि अलार्मच्या वेळी ध्रुव पलटला की वाजतो.

पण या सगळ्या बोलण्याला एक भिंत आहे आणि ती कुठल्याही वायरिंगनं ओलांडता येत नाही. रंगकाम करताना डिटेक्टरवर प्लॅस्टिकचं डस्ट कव्हर घालतात, धूळ आणि रंग आत जाऊ नये म्हणून. काम संपल्यावर ते काढायचं राहून गेलं तर तो डिटेक्टर दर फेरीला नंबर पुकारला की हजर असतो, आकडा २५, दिवा लुकलुकतोय, पॅनेल खूश, आणि धूर मात्र त्याच्या डबीत शिरूच शकत नाही. उलट त्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा जास्त स्वच्छ दिसेल. कॉल पॉइंटपुढे कपाट लावलं तर तेही तसंच, इलेक्ट्रॉनिक्सच्या दृष्टीनं तो ठणठणीत. म्हणून मेंटेनन्सला येणाऱ्यानं पॅनेलच्या स्क्रीनवर हिरवं बघून सही करून जाणं अजिबात पुरत नाही, काठीला टेस्ट स्मोकचा कॅन लावून प्रत्येक डिटेक्टरच्या तोंडाशी खरा फवारा सोडायला लागतो, आणि कॉल पॉइंट चावीनं एक-एक दाबून बघायला लागतात, दर आठवड्याला एक आणि दर वेळी वेगळा.