नव्या प्रकाशकाची चौकशी आणि मराठी लेखकाचा संकोच

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या लिहित्या माणसाला आज पहिल्या पुस्तकासाठी प्रकाशकांचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. फेसबुकवर चार कविता टाकल्या, एखाद्या दिवाळी अंकात कथा आली, की प्रकाशकाचाच फोन येतो. संस्थेचं नाव कानावरून गेलेलं नसतं. बोलणं आदबशीर असतं, आणि बऱ्याचदा हस्तलिखित मागवण्याआधीच होकार मिळतो. लेखक हरखतो, ते साहजिक आहे. नंतर तो एखाद्या जाणत्याला हळूच विचारतो, "सर, नवीन संस्था आहे. जरा चौकशी केली तर त्यांना वाईट वाटेल का?"

हा प्रश्न मी नाशिकमध्ये बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकला आहे. घरासाठी वाळू घेताना दहा ठिकाणी भाव काढणारा माणूस स्वतःचं पुस्तक सोपवताना एक प्रश्न विचारायला बिचकतो. हे बिचकणं कुठून आलं ते पाहायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

मराठी पुस्तकाच्या छपाईत लेखकाचा पैसा पहिल्यापासून होता. एकोणिसाव्या शतकात ग्रंथ काढायचा तर आधी आश्रयदाते गोळा करायचे. कुणी दोन प्रतींचं वचन द्यायचं, कुणी दहा. त्यांची नावं पुस्तकात छापली जायची. सरकारी दक्षिणा प्राइज कमिटीचं बक्षीस मिळालं तर बराच भार हलका व्हायचा, पण ते दार सर्वांना उघडं नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक कमिटीकडे दिलं आणि ते नाकारलं गेलं. पुढे 'शेतकऱ्याचा असूड' तर आपल्याच चळवळीच्या 'दीनबंधु' या वृत्तपत्रानेही पहिली दोन प्रकरणं छापून थांबवला. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांची सभा बोलावली. आजच्या साहित्य संमेलनाचं मूळ तिथे आहे. १८८५ च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण फुल्यांनी नाकारलं.

म्हणून मराठीत 'पैसे देऊन पुस्तक काढलं' एवढ्यावरून कुणाला हिणवू नये, असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्यासाठी प्रस्थापितांची दारं बंद होती, त्यांनी पदरमोड करूनच आपला शब्द छापला. पण आश्रयदात्यांचा पैसा असो की स्वतःचा, तो कशाला लागला हे तेव्हा लेखकाला माहीत असायचं. कागद किती, छपाई किती, प्रती किती, सगळा हिशेब डोळ्यांसमोर असायचा.

त्या काळातली आणखी एक गोष्ट आज फार मोलाची वाटते. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-ठिकाण छापणं बंधनकारक केलं. पुस्तकाची प्रत सरकारला द्यावी लागे आणि सरकार तिची नोंद करून यादी प्रसिद्ध करी. या नोंदीत पानं, किंमत, कॉपीराइटचा मालक आणि आवृत्तीच्या छापलेल्या प्रतींची संख्या, एवढं सगळं असे. १८५७ नंतर इंग्रज सरकारला देशी छापखान्यांवर नजर हवी होती, हे उघड आहे. रानड्यांनी मात्र मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेताना याच नोंदींचा आधार घेतला. कुणाचं पुस्तक किती छापलं, हे कागदोपत्री सापडत होतं. आज स्वतःच्या पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या, हे खुद्द लेखकाला ठामपणे सांगता येत नाही.

नाशिकपुरतं पाहिलं तर पुस्तक पारखण्याची जागा शहरात त्याही आधीपासून आहे. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, १८४० चं. एखाद्या प्रकाशकाची ओळख करून घ्यायला मला आजही त्या कपाटांसारखी दुसरी जागा सापडलेली नाही. त्या संस्थेची तीन-चार पुस्तकं काढावीत आणि टायटलच्या पाठीमागचं पान वाचावं. प्रकाशकाचा पूर्ण पत्ता आहे का? अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांची वेगवेगळी नावं आहेत, की सगळीकडे एकच? हक्क कुणाच्या नावावर आहेत? 'दुसरी आवृत्ती' छापलं असेल तर पहिलीची तारीख दिली आहे का? मग मधलं कुठलंही पान उघडावं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, ओळीच्या शेवटी वेडेवाकडे तुटलेले शब्द, परिच्छेदाची एकटी ओळ पुढच्या पानावर गेलेली, असं दिसलं तर त्या संस्थेत पुस्तक कुणी वाचत नाही हे कळतं. पुस्तक मध्यभागी जोर देऊन उघडलं की बांधणीही कळते. वाईट चिकटवलेल्या पुस्तकाची पानं तिथेच सुटतात.

मग संकोच कुठून आला? माझ्या मते तो आपल्या सर्वांत सुंदर कहाण्यांमधून आला. १९४२ साली कुसुमाग्रजांचा 'विशाखा' आला, तो वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने. खांडेकरांनी तो स्वतः प्रसिद्ध केला आणि प्रस्तावनाही लिहिली. एका थोर लेखकाने दुसऱ्यातलं मोठेपण ओळखून त्याचं पुस्तक काढावं, ही नाशिककरांनी उराशी जपलेली आठवण आहे. त्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या अध्यक्षतेखाली नाशिकला साहित्य संमेलनही भरलं होतं. पुढच्या पिढीत मौजेचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन, पॉप्युलरचे रामदास भटकळ अशी माणसं होती. प्रकाशक म्हणजे हस्तलिखितावर लेखकाइतकंच जीव ओतून काम करणारा माणूस, ही प्रतिमा त्यांनी घडवली आणि ती खरी होती. अशा माणसाकडे कराराचा कागद मागणं कृतघ्नपणाचं वाटे. व्यवहार ओळखीवर चाले, आणि लेखन-प्रकाशनाचं वर्तुळ इतकं लहान होतं की शब्द मोडणाऱ्याचं नाव पुण्या-मुंबईपासून नाशिकपर्यंत महिन्याभरात पोचत असे. ते वर्तुळ आता मोडलं. 'प्रकाशकाला विचारायचं नसतं' ही रीत मात्र टिकली.

नवी संस्था म्हणजे संशयास्पद, असं मानणंही चूक ठरेल. मराठीतलं बरंच काही नव्या आणि लहान संस्थांनीच दिलं आहे. पन्नाशीच्या दशकात 'शब्द'सारखी अनियतकालिकं सायक्लोस्टाइल करून निघाली. १९७४ मध्ये ग्रंथालीची वाचक चळवळ उभी राहिली आणि १९७८ मध्ये तिने दया पवारांचं 'बलुतं' काढलं. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये अरुण कोलटकरांच्या कविता काढल्या. संस्थेचं वय पाहून हस्तलिखित द्यायचं ठरलं असतं, तर यांच्याकडे कुणीच गेलं नसतं. त्यांच्याकडे पैसा कमी होता, पण पुस्तक का काढायचं, ते कुणाच्या हाती जायला हवं, ओळ पानावर कशी बसायला हवी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शहाण्यांची पुस्तकं हातात घेतली की हे वेगळं सांगावं लागत नाही.

खरा बदल यंत्राने केला. शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या छपाईत दहा फर्म्यांचं (फर्मा म्हणजे एका वेळी एकत्र छापली जाणारी पानं) पुस्तक जुळवायला कंपोझिटरचे आठवडेच्या आठवडे जात. यंत्रावर फर्मा चढवल्यावर शंभर प्रती काढून थांबणं परवडत नसे, म्हणून हजाराची आवृत्ती निघे. कागद, छपाई, बांधणी असा सगळा पैसा प्रकाशकाचा अडके, आणि तो सुटायचा एकच मार्ग होता: पुस्तक विकणं. त्यामुळे हस्तलिखित नीट वाचल्याशिवाय घेणं त्याला परवडतच नव्हतं. नव्वदच्या आसपास डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी आली, श्रीलिपीसारखे फाँट आले आणि एका खोलीत, एका संगणकावर प्रकाशन सुरू करता येऊ लागलं. त्याने खेड्यापाड्यातले, आदिवासी पाड्यांवरचे, आजवर ज्यांना कुणी विचारलं नव्हतं असे लेखक छापले गेले, आणि ते फार चांगलं झालं. नंतर डिजिटल प्रिंटिंग आलं. आता पन्नास प्रतीही निघतात. लेखकाकडून छपाईच्या खर्चापेक्षा जास्त रक्कम आधीच घेतली तर पहिली प्रत विकण्यापूर्वीच प्रकाशकाचा नफा झालेला असतो. वाचक शोधण्याची त्याला गरजच उरत नाही. 'दोनशे प्रती लेखकाने घ्यायच्या' ही अट असते तिथे हेच घडतं. प्रती लेखकाच्या घरात पलंगाखाली जातात, लग्नाकार्यात भेट दिल्या जातात, आणि पुस्तकाच्या दुकानात त्या पुस्तकाचं नाव कुणाला माहीत नसतं.

याला विद्यापीठीय व्यवस्थेने आणखी खतपाणी घातलं. २०१० च्या यूजीसी नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला गुण मिळू लागले. २०१८ च्या नियमावलीतही राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला दहा गुण आहेत. त्यामुळे प्रबंधाचं महिन्याभरात पुस्तक करून देणाऱ्या संस्था गावोगाव निघाल्या. त्याच संस्था मग कवितासंग्रहांकडे वळल्या. आयएसबीएन म्हणजे सरकारी मान्यता, असा समज तेव्हापासून पसरला. वस्तुतः तो फक्त पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे. दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी तो विनाशुल्क देते आणि मजकुराचा दर्जा तपासत नाही. प्रकाशकाने लेखकाला दिलेल्या खर्चाच्या पॅकेजमध्ये 'आयएसबीएन शुल्क' अशी ओळ दिसली तर तिथेच थांबून विचारावं.

पैशाची अडचण असलेल्या नवोदिताला दुसरी वाटही आहे, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. १९६० मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं. हस्तलिखित तपासलं जातं, हा त्यातला मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं, आणि शासनमान्य ग्रंथयादी त्यांच्या खरेदीला उपयोगी पडते. संस्थेची पुस्तकं त्या यादीत येतात का, हे पाहायला दहा मिनिटं पुरतात.

चौकशीची रीत इंग्रजी जगात आधी रुजली, कारण तिथे फसवणूकही मोठ्या प्रमाणावर झाली. अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेच्या आधाराने १९९८ मध्ये 'रायटर बिवेअर' हे काम सुरू झालं. फसवणाऱ्या संस्थांच्या तक्रारी ते जमवतं, तपासतं आणि उघड मांडतं. 'आम्ही निवडक हस्तलिखितंच घेतो' असं सांगणाऱ्या एका संस्थेकडे तिथल्या लेखकांनी २००४ मध्ये मुद्दाम लिहिलेली भिकार कादंबरी पाठवली. तिच्यातली दोन प्रकरणं तंतोतंत सारखी होती आणि एक संगणकाने शब्द जुळवून तयार केलेलं होतं. ती स्वीकारली गेली. मराठीत असं संघटित काम नाही. अनुभव कट्ट्यावर, फोनवर, दबक्या आवाजात सांगितले जातात आणि पुढच्या लेखकापर्यंत पोचत नाहीत. म्हणून त्या संस्थेच्या दोन-तीन जुन्या लेखकांना थेट फोन करावा. त्यांना 'पुस्तक कसं निघालं' एवढंच विचारू नये, 'दुसऱ्या वर्षी हिशेब आला का' हे विचारावं.

१९५७ चा कॉपीराइट कायदा इथे लेखकाच्या बाजूने उभा आहे. कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत, तर वेगळं काही ठरलं नसल्यास ते लेखकाकडे परत येतात. त्यामुळे मुदत न लिहिलेला, मोघम करार एकवेळ चालेल. 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' ही ओळ असलेला करार मात्र घातक. कायमस्वरूपी म्हणजे किती, हे नाशिकच्याच उदाहरणातून दिसतं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजी १९५० मध्ये गेले आणि मृत्यूनंतरची साठ वर्षं २०१० च्या अखेरीस पुरी झाल्यावरच ते पुस्तक कुणालाही छापायला मोकळं झालं. लेखनाला तोवर सत्त्याहत्तर वर्षं झाली होती.

१८६७ च्या त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि त्याच्या कक्षेत आता नियतकालिकंच आहेत, पुस्तकं नाहीत. म्हणजे प्रतींचा आकडा नोंदवायला लावणारा तो जुना कायदाही उरलेला नाही. आता तो आकडा लेखकाने स्वतःच करारात लिहून घ्यायचा आहे: पहिल्या आवृत्तीच्या प्रती किती, पुन्हा छापताना लेखकाला कळवायचं की नाही, रॉयल्टी छापील किमतीवर की मिळालेल्या रकमेवर, हिशेब कोणत्या महिन्यात. मुदत संपताना शिल्लक राहिलेल्या प्रतींचं काय, हेही त्याच कागदावर हवं. गोदाम रिकामं करताना त्या रद्दीत जाण्याआधी लेखकाला कळवावं आणि ठरलेल्या दराने त्या विकत घेऊ द्याव्यात, एवढी एक ओळ पुरते.