‘लातूर’चे पंधरा बाइट: छोट्या वेब सर्व्हरची पार्श्वभूमी

उन्हाळ्याच्या सुट्टीत उदगीरहून भाचा लॅपटॉप घेऊन आला. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्यानं एक छोटा वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरची मागणी घेऊन उत्तर देणारा प्रोग्रॅम, लिहिला होता. गावाचं नाव पाठवलं की तेच नाव परत दाखवायचं, एवढंच काम. रोमन लिपीत ‘हॅलो’ पाठवलं, पाचही अक्षरं नीट परत आली. मग ‘लातूर’ पाठवलं, तर ब्राउझरमध्ये नुसता ‘ल’ आणि पुढं काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. “मामा, सर्व्हर लातूर खायलाय की!” असं ओरडतच तो आला.

सर्व्हर कुठं खातोय ते दिसायला थोडं मागं जावं लागतं.

सुरुवातीचे वेब सर्व्हर फायली वाढायचं काम करायचे. मागितलेली फाईल डिस्कवरून उचलायची आणि द्यायची. मागणी पाहून उत्तर जागच्या जागी तयार करायची सर्वमान्य पद्धत १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात आकाराला आली. तिचं नाव सीजीआय, म्हणजे कॉमन गेटवे इंटरफेस. तिथला सर्व्हर रॉब मॅक्कूल यांनी लिहिला होता. युक्ती साधी होती. मागणी आली की सर्व्हरनं एक वेगळा प्रोग्रॅम सुरू करायचा आणि मागणीचा तपशील त्याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना हाती येणाऱ्या नावानिशी नोंदींतून, द्यायचा: रिक्वेस्ट मेथड (मागणीचा प्रकार), पाथ इन्फो (पत्त्यातला पुढचा भाग), क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरचा भाग). प्रोग्रॅम जे छापेल ते ब्राउझरकडं जाणार. आधी हेडर, म्हणजे उत्तराची माहिती देणाऱ्या ओळी, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर. ती रिकामी ओळ विसरली की ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’. त्या काळात काम केलेल्या प्रत्येकानं तो पाहिलेला असतो.

प्रोग्रॅम कुठल्याही भाषेत चालत होता, पण बाजी मारली पर्लनं. लॅरी वॉल यांची ही भाषा १९८७ पासून मजकुराची चिरफाड करण्यात तरबेज होती, आणि वेबचं काम म्हणजे मजकुराचीच चिरफाड. लिंकन स्टाइन यांचं सीजीआय मोड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, १९९७ मध्ये थेट पर्लसोबत मिळू लागलं. हे गृहस्थ जनुकशास्त्रातले. त्यांच्या मोड्यूलमध्ये एक गोष्ट मला फार शहाणी वाटते. स्क्रिप्ट सर्व्हरशिवाय, नुसती कमांड लाईनवर चालवली तर ते नाव आणि मूल्य अशा जोड्या टाईप करायला सांगायचं. म्हणजे ब्राउझर नाही, सर्व्हर नाही, तरी मागणी आल्याचं सोंग करता यायचं.

एरवी चाचणी कशी व्हायची? फाईल एफटीपी या फायली पाठवायच्या पद्धतीनं सर्व्हरवर चढवायची, ती चालवता यावी म्हणून परवानगी ७५५ करायची, पान रिफ्रेश करायचं आणि एरर लॉग उघडून बसायचं. विंडोजवर लिहिलेल्या फाईलच्या पहिल्या ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह चिकटलेलं असायचं. तेवढ्यानं सगळं बंद. ही सगळी येरझार नेटवरून. विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला महानगरांत सुरू केलं. आमच्याकडं त्यानंतर कितीतरी वर्षं तासावर पैसे मोजत सायबर कॅफेत बसायचे दिवस होते, आणि फाईल चढता चढता लाईट जायची ते वेगळंच.

त्यामुळं मराठवाड्यातल्या बहुतेकांची वेबशी ओळख पर्लमधून झालीच नाही, ती झाली पीएचपीतून. रासमुस लेरडॉर्फ यांनी आपला बायोडेटा कोण पाहतंय हे कळावं म्हणून केलेली अवजारं १९९५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली, त्याची पुढं भाषा झाली. २००२ मध्ये झॅम्प आलं. अपाचे हा वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकाच इन्स्टॉलरमध्ये. पेनड्राईव्हवरून ते लॅबच्या सगळ्या मशीनवर जायचं. फाईल एचटीडॉक्स फोल्डरमध्ये टाकली की १२७.०.०.१ वर पान हजर. हा पत्ता म्हणजे आपलंच मशीन, त्याला ना नेट लागतं ना मोडेम. इन्व्हर्टर चालू असला की बास.

तरी एक अडचण होतीच. प्रोग्रॅम तपासायचा तर सर्व्हर चालू हवा आणि पान डोळ्यांनी बघायला माणूस हवा.

ही गाठ सुटली ती दुसऱ्याच भांडणातून. पायथनमध्ये वेबचे साचे (फ्रेमवर्क) भाराभर झाले होते, आणि अमुक साचा घेतला की तमुकच सर्व्हर वापरावा लागायचा. डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी यांनी तोडगा मांडला, डब्ल्यूएसजीआय, म्हणजे सर्व्हर आणि ॲप यांच्यातला एक करार. वेबचं ॲप म्हणजे एक फंक्शन. त्याला मागणीचा तपशील एका डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि मूल्याच्या जोड्यांच्या यादीत, द्यायचा, त्यानं स्टेटस (काम झालं की चुकलं ते) आणि हेडर कळवायचे आणि मजकूर परत करायचा. त्या डिक्शनरीतली नावं कुठली, तर तीच सीजीआयची: रिक्वेस्ट मेथड, पाथ इन्फो, क्वेरी स्ट्रिंग. रुबी या भाषेचं रॅक २००७ मध्ये आणि पर्लचं पीएसजीआय २००९ मध्ये याच वाटेनं आलं. २०२४ च्या पायथन ३.१३ मधून सीजीआयचं मोड्यूल काढून टाकलं, नावं मात्र जागची हलली नाहीत.

ॲप फंक्शन झालं आणि चाचणीचं रूपच पालटलं. डिक्शनरी हातानं भरायची, फंक्शन बोलवायचं, परत आलेलं तपासायचं. पोर्ट नाही, ब्राउझर नाही. तपासणीचं अवजार तयारच होतं. केंट बेक यांच्या स्मॉलटॉक या भाषेतल्या कल्पनेवर बेतलेलं युनिटटेस्ट २००१ पासून पायथनसोबत येतंय. आर्मिन रोनाखर यांनी १ एप्रिल २०१० ला एप्रिल फूल म्हणून एक चिमुकला साचा सोडला. लोकांना तो खरंच आवडला, आणि त्याच महिन्यात त्यातून फ्लास्क आलं. त्यातला टेस्ट क्लायंट हेच काम करतो, खोटी मागणी बनवून ॲपच्या हातात देतो.

आता भाच्याचं लातूर. आपण ते तीन अक्षरांचं मोजतो: ला, तू, र. पायथनला त्यात पाच खुणा दिसतात, कारण काना आणि दीर्घ उकार वेगळे धरले जातात. तारेवर जाताना यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, प्रत्येक खुणेचे तीन बाइट (संगणकाच्या साठवणीची छोटी एककं) होतात, म्हणजे पंधरा. भाच्यानं कंटेंट-लेंग्थ हेडरमध्ये मजकुराची लांबी लिहिली होती पाच. ब्राउझरनं इमानदारीत पाच बाइट घेतले. तीन बाइटांचा ‘ल’ झाला, उरलेले दोन म्हणजे अर्धवट काना, तेच प्रश्नचिन्ह. ‘हॅलो’ची रोमन अक्षरंही पाच आणि बाइटही पाच, म्हणून चूक लपून राहिली. आधी एन्कोड करायचं, मग मोजायचं. दुरुस्ती एका ओळीची होती.

मग त्यानं तेच ॲप डब्ल्यूएसजीआयमध्ये लिहिलं आणि पत्त्यातच गावाचं नाव दिलं. पाथ इन्फो छापून पाहिला तर सगळी गिचमिड. पायथन ३ मध्ये मजकूर आणि बाइट वेगळे झाले, तेव्हा या करारात तडजोड करावी लागली. डिक्शनरीतले बाइट लॅटिन-१ हे पश्चिम युरोपचं एन्कोडिंग समजून मजकुरात बदलले जातात. देवनागरी हवी तर उलट लॅटिन-१ चे बाइट करून ते यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. फ्लास्क हे मुकाट्यानं करतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

भाच्याच्या चाचण्यांमध्ये आता ‘हॅलो’ नाही. लातूर, औसा, अंबाजोगाई आहे. परळी वैजनाथ घातलं तेव्हा नवीनच निघालं. फॉर्ममधून पाठवलं की मधली मोकळी जागा अधिकचं चिन्ह होऊन येते, पत्त्यातून पाठवलं की टक्क्याचं चिन्ह आणि वीस. ती चाचणी सुट्टी संपली तरी लाल, म्हणजे नापासच होती.